शहरातली मजा कशी मोजावी?

कापड मीटरने मोजतात, धान्य तराजूने. मग शहरातली मजा कशाने मोजायची?

केंद्र सरकारने शहरांची परीक्षाच घेतली होती. २०१८ साली १११ शहरांत पुण्याचा पहिला नंबर आला. २०२० च्या परीक्षेत दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत बेंगळुरूला ६६.७० व पुण्याला ६६.२७ गुण मिळाले. अर्ध्या गुणाने सुद्धा फरक नाही! शाळा, दवाखाने, रोजगार असे सगळे तपासले. पण १०० पैकी ३० गुण तिथे राहणाऱ्यांना विचारून दिले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुण्याला मामाकडे गेलो होतो. शनिवारवाडा पाहिला, सारसबागेत खेळलो, कात्रजला वाघ पाहिला. मी पुण्याला १० पैकी ९ गुण दिले. आजीला विचारले तर ती म्हणाली, "चारच दे बाबा. दिवसभर दार लावून बसायचं, बोलायला कुणी नाही." मामा म्हणाला, "पाच. फिरायला सवड कुठं? पण पोट इथंच भरतं."

मी सरासरी काढली. ९ + ४ + ५ = १८, भागिले ३ = ६. उत्तर बरोबर आले, पण त्यात आजीचे चार गुण दिसेनासे झाले! यावरून मला समजले, की पाहुण्याची मजा वेगळी आणि राहणाऱ्याची वेगळी. म्हणून गुण सर्वांना विचारावेत व कारणही लिहून घ्यावे.

पालकहो, खाली वही टांगली आहे. आपल्या गावाला १० पैकी किती गुण, ते कारणासह लिहा. आजीला पण विचारा हं!

— इयत्ता ७ वीचा एक विद्यार्थी