साडेपाच तासांचा फरक

चाकण एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात माझ्याकडे काम होतं एवढंच: उत्पादनाच्या नोंदींचा एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस विश्लेषणाच्या नव्या प्लॅटफॉर्मला जोडून द्यायचा. "दोन दिवसांत देतो," असं मी छाती पुढे काढून सांगितलं होतं. आठवलं की अजून कान गरम होतात.

1. तारा जुळणं वेगळं आणि खाती जुळणं वेगळं. ड्रायव्हर टाकला, 1433 हा पोर्ट दिला, फक्त वाचायचे हक्क असलेला युजर घेतला, वीस मिनिटं. फायरवॉलमधून तो पोर्ट उघडायला मात्र तीन आठवडे, कारण मशिनांचं नेटवर्क एका खात्याचं आणि ऑफिसचं दुसऱ्याचं.

2. घड्याळ कुणाचं, हे आधी विचारायला हवं होतं. टेबलात वेळ भारतीय होती, पण तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. प्लॅटफॉर्मने ती यूटीसी धरली आणि पडद्यावर दाखवताना वर साडेपाच तास मिळवले. रात्री साडेनऊचा बिघाड पहाटे तीनला दिसू लागला. दुसऱ्या पाळीचं पाप तिसरीच्या माथी. मी तर त्यावर 'रात्रपाळीतील ढिलाई' अशी स्लाइडही केली होती. मीटिंगमध्ये रात्रपाळीचे सुपरवायझर बसले होते. "तीनला मशीन चालू होतं, साहेब," एवढंच ते म्हणाले. मी त्यांना आलेख दाखवून पटवायला गेलो. रात्रभर मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला! चूक सापडली दोन दिवसांनी. माफी मागितली, ती स्लाइड दाखवतानाच्या आवाजापेक्षा बऱ्याच हळू आवाजात.

3. रिकामा रकाना उगाच भरायला जाऊ नये, हे मला 1900 सालाने शिकवलं. मशीन बंद पडलं की सुरुवातीची वेळ नोंदली जाते, शेवटची रिकामी राहते. प्लॅटफॉर्मला दोन्ही टोकं हवीत म्हणून मी तिथे शून्य घातलं. एसक्यूएल सर्व्हरच्या लेखी शून्य तारीख म्हणजे 1 जानेवारी 1900. चालू असलेला बिघाड शतकापूर्वीच दुरुस्त झालेला! रिकामं म्हणजे 'अजून चालू आहे', हे ऑपरेटरना ठाऊक होतं. मला नव्हतं.

4. नुसतं वाचणाराही त्रास देतो. दर मिनिटाला मी अख्खं टेबल वाचत होतो, वेळेच्या रकान्यावर इंडेक्सही नव्हता. माझं वाचन संपेपर्यंत ऑपरेटरची नोंद अडकून राहायची. आता फक्त नव्या आणि बदललेल्या ओळी घेतो. 'बदललेल्या' यासाठी, की रात्रीची नोंद सकाळी चहा घेऊन शांतपणे सुधारली जाते.

5. ज्या रकान्याकडे मी शेवटी बघितलं, तोच पहिल्यांदा बघायला हवा होता. शेरा. आत नुसती प्रश्नचिन्हं, ओळीच्या ओळी. मला वाटलं, जोडणी बिघडली. ऑपरेटर शेरे मराठीत लिहीत होते आणि रकाना होता व्हारचार, देवनागरी न पेलणारा. अक्षरं आत शिरतानाच मोडत होती. परत मिळण्याजोगं काही उरलंच नव्हतं. एनव्हारचार केला, पुढचं नीट दिसायला लागलं. मागचं गेलं ते गेलंच. हे सांगायला एका जुन्या ऑपरेटरांकडे गेलो. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे तीन वर्षांत कुणी एकदाही उघडून बघितलं नाही म्हणा की."

आणि बॅचचा डबा हलवून बघायला निघून गेले.