थाई रस्सा घरी करताना मिठाचा हिशेब

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातले शेतीचे गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्क तेथे उभे राहिले आणि देशभरातून आलेल्या तरुण मंडळींबरोबर खाण्याच्या नाना तऱ्हाही आल्या. त्यात थाई पदार्थांचा मान मोठा. हिरवा रस्सा, तोम याम सूप, पॅड थाई शेवया, कच्च्या पपईची सोम तम ही नावे आता सोसायट्यांतून सर्रास ऐकू येतात. विकतचे पार्सल संध्याकाळच्या वाहतुकीत अडकून कोमट होऊन येण्यापेक्षा हे पदार्थ घरी करण्याची हौस केव्हाही चांगली. ताजा पाला, भरपूर भाज्या, तळण कमी, असा हा आहार आहे. अडचण आहे ती बाटल्यांची आणि त्यातील मिठाची.

थाई स्वयंपाकात मिठाऐवजी बहुधा ‘नाम प्ला’ वापरतात. मासे मिठात कित्येक महिने मुरवून निघालेला हा रस होय. त्याच्या एका मोठ्या चमच्यात (१५ मि.ली.) सुमारे साडेतीन ग्रॅम मिठाइतके सोडियम असते. सोया सॉसच्या तेवढ्याच चमच्यात सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. आता हिशेब करून पाहा. चौघांच्या रश्शात तीन मोठे चमचे नाम प्ला ओतले तर माणशी अडीच ग्रॅमहून अधिक मीठ पोटात गेले, म्हणजे निम्मा दिवस एका वाटीत संपला. विकतच्या तयार वाटणात मीठ असते ते वेगळेच. घरातील आजोबांना रक्तदाबाचा त्रास असेल आणि सकाळी लोणचे-पापड झालेला असेल, तर त्यांच्या ताटातला हा रस्सा गंमत राहत नाही. कमी सोडियमचे मीठ हा त्यावरचा उपाय सर्वांनाच मानवत नाही. त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचे रुग्ण व रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

उपाय सोपा आहे : वाटण घरी करावे आणि आंबटपणा वाढवावा. जिभेला आंबट आणि सुगंध पुरेसा मिळाला की मीठ कमी पडल्याचे फारसे जाणवत नाही. लागणारे साहित्यही वाटते तितके परके नाही. आपण गवती चह्याची पाने चहात टाकतो. थाई लोक त्याच जातीच्या गवताचा बुडखा, म्हणजे मुळाजवळचा पांढरा जाड भाग वाटतात. त्यांचे ‘खा’ म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातले कोळिंजन. ते आपल्याकडे वाळलेले मिळते व फार उग्र असते, म्हणून ओले न मिळाल्यास आले घ्यावे. त्यांची गोड तुळस ही सब्जाच्या जातीची असल्याने कुंडीतल्या सब्जाची पाने चालतात. लिंबाच्या खास पानांऐवजी आपल्या लिंबाची कोवळी पाने घ्यावीत. वास थोडा निराळा येईल, पण बिघडत नाही.

चौघांसाठी असे करावे. आठ हिरव्या मिरच्या (तिखट सोसत नसल्यास चार, बिया काढून), गवती चह्याचे तीन बुडखे, इंचभर आले, चार लहान कांदे, सहा लसूण पाकळ्या, मूठभर कोथिंबीर मुळांच्या बाजूच्या देठांसकट, अर्धा चमचा भाजलेले धणे, पाव चमचा जिरे आणि लिंबाची किसलेली हिरवी साल हे बारीक वाटावे. मीठ घालू नये. एका नारळाचे घट्ट दूध एक वाटी व पातळ दूध दोन वाट्या काढावे. कढईत तेल न घालता अर्धी वाटी घट्ट दूध मंद आचेवर कडेने तेल सुटेपर्यंत आटवावे. त्यातच वाटण परतावे. ही पायरी घाईने उरकली तर कच्चा वास राहतो. मग पातळ दूध, लाल भोपळा, लहान वांगी, अळिंबी किंवा कोंबडीचे तुकडे घालून शिजवावे. शेवटी उरलेले घट्ट दूध, दोन चहाचे चमचे नाम प्ला, चिमूटभर गूळ, एका लिंबाचा रस आणि सब्जाची पाने. या मापाने मीठ माणशी अर्ध्या ग्रॅमच्या थोडेच वर जाते. शाकाहारी मंडळींनी तेवढाच सोया सॉस घ्यावा. नारळाच्या घट्ट दुधातील स्निग्धांश मुख्यतः संपृक्त असतो, त्यामुळे हृदयविकार असलेल्यांनी दूध पातळच ठेवावे.

पावसाळ्यात बाजारात येणारे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, या रश्शात फार छान लागतात. मात्र कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. ते सोलून, बारीक चिरून, भिजवून, भरपूर पाण्यात उकळावेत आणि पाणी फेकून द्यावे. गावाकडच्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. शहरात नव्याने विकत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. सोम तमच्या बाबतीतही असेच. कच्च्या पपईच्या चिकामुळे गर्भाशय आकुंचन पावण्याची शक्यता सांगितली जाते, म्हणून गरोदर स्त्रियांनी ती टाळावी. गाजर-काकडीवरही तीच फोडणीविना कोशिंबीर होते.

पाहुणे येणार असतील तर एक प्रश्न आधीच विचारावा : शेंगदाणा किंवा कोळंबी कुणाला बाधते काय? पॅड थाई व सोम तममध्ये शेंगदाणे असतात. विकतच्या बहुतेक वाटणांत मुरवलेल्या कोळंबीचा लगदा असतो, मग डब्यावर चित्र भाजीचे का असेना. शाकाहारी कुटुंबांनीही लेबल वाचूनच घ्यावे. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे किंवा श्वास लागणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, कूट द्यावे.

भातासाठी महागडा जास्मिन तांदूळ आणण्याची गरज नाही. मावळ-मुळशीचा आंबेमोहोर सुगंधात त्याला हार जात नाही, कारण दोन्हींच्या वासामागे मुख्य द्रव्य एकच आहे. दोन्ही भात रक्तातील साखर लवकर चढवतात, तेव्हा मधुमेहींनी भात कमी व भाज्या जास्त घ्याव्यात. रात्री उशिरा पाळी संपवून येणाऱ्यासाठी भात ओट्यावर झाकून ठेवण्याची पद्धत मात्र सोडावी. शिजवूनही न मरणारे बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू कोमट भातात वाढतात, आणि त्यांचे एक विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. परतलेला भात खाऊन काही तासांत उलट्या होतात त्या पुष्कळदा यामुळेच. भात परातीत पसरून निववावा, दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात, फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत तापवून एकदाच वाढावा. नारळाच्या दुधाच्या रश्शालाही हाच नियम लावावा.