हौशी वार्ताहर आणि वृत्तपत्र

मुंबई-गोवा महामार्गावर शिरढोणजवळ अपघात झाला, तर वार्ताहर पोचण्यापूर्वीच त्याची चित्रफीत मोबाईलवरून गावोगाव फिरते. मग पगारी पत्रकाराची गरज काय, असा प्रश्न साहजिकच पडतो.

हौशी लेखक मराठी पत्रसृष्टीला नवे नाहीत. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'लोकहितवादी' या नावाने 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रे लिहिली. तीच पुढे 'शतपत्रे' म्हणून गाजली. परंतु त्या पत्रांमागे भाऊ महाजनांसारखा संपादक उभा होता.

मोबाईलवरील मजकुरामागे बहुधा असा कोणी नसतो. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा अशीच पसरली आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले.

हौशी मंडळींनी वृत्तपत्राची वेगाची मक्तेदारी मोडली, हे मान्यच केले पाहिजे. पण त्यामुळेच पडताळणीचे मोल वाढले आहे. बातमी पारखून तिची जबाबदारी घेणे, हेच पत्रकाराचे खरे काम. वेगाच्या नादात त्याने तेच सोडले, तर त्याच्यात आणि हौशी माणसात फरक तो काय उरणार?