डॉबरमनचा रक्तस्राव आणि जनुकीय चाचणी

प्रश्न : डोंबिवलीतील एका वाचकाच्या पाच महिन्यांच्या डॉबरमन पिल्लाचे दुधाचे दात पडताना हिरड्यांतून बराच वेळ रक्त येत राहिले. जनुकीय चाचणी करावी काय?

उत्तर : करणे योग्य, मात्र ती पहिली चाचणी नव्हे. ठाणे-कल्याण पट्ट्यातील दमट हवेत गोचिडांचा उपद्रव मोठा असून, त्यांच्यामार्फत पसरणाऱ्या एर्लिकिया या जिवाणूच्या संसर्गात रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, घटतात आणि तसाच रक्तस्राव होतो. म्हणून बिंबिकांची गणना आधी व्हावी.

ती संख्या पुरेशी आढळल्यास संशय फॉन विलेब्रांड विकाराकडे वळतो. १९२६ साली फिनलंडचे वैद्य एरिक फॉन विलेब्रांड यांनी माणसांत प्रथम वर्णिलेल्या या विकारात बिंबिकांना जखमेच्या जागी चिकटवणारे प्रथिन कमी पडते, आणि डॉबरमनमध्ये त्याचा सौम्य प्रकार बराच आढळतो. गालाच्या आतील बाजूच्या पेशी किंवा थोडे रक्त घेऊन केलेल्या चाचणीतून पिल्लाकडे सदोष जनुकाच्या दोन प्रती आहेत, एक आहे की एकही नाही, हे कळते. तथापि दोन प्रती असलेले सगळेच कुत्रे सारखे रक्तस्रावी नसतात, हे विक्रेते क्वचितच सांगतात. एक प्रत असलेल्या दोन वाहकांच्या संकरातून प्रत्येक पिल्लाला दोन सदोष प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के असते, तर वाहक व निर्दोष जोडीच्या पिल्लांत ती उद्भवत नाही.

अहवाल येईपर्यंत अ‍ॅस्पिरिन देऊ नये आणि नसबंदीपूर्वी हा इतिहास पशुवैद्यकांना आवर्जून सांगावा.