मध्यरात्रीची हांक

अमेरिकेंतील अनेक लहान गांवांत आग विझविणारे लोक पगारी नोकर नसतात. दिवसां कोणी शेत पाहतो, कोणी दुकान. रात्रीं इशारा होतांच ते अंथरूण सोडून धांवतात. ही परंपरा जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७३६ सालीं फिलाडेल्फिया शहरीं असें एक स्वयंसेवक मंडळ स्थापिलें होतें.

हें काम किती धोक्याचें, हें मुंबई जाणते. १४ एप्रिल १९४४ रोजीं गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाची आग विझवितांना स्फोट झाला व अग्निशामक दलाचे ६६ जवान मृत्यु पावले.

अशा स्वयंसेवकाचें मूल कधीं मध्यरात्रीं वडिलांबरोबर निघालें, तर त्यानें काय करावें? जळत्या घरांत तप्त धूर छताखालीं सांठतो. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु रंगहीन व गंधहीन असतो. अवेळीं दार उघडल्यास प्राणवायु आंत शिरून ज्वाला एकाएकीं भडकतात. म्हणून वडील दाखवितील त्या जागीं, आगीपासून दूर, धूर अंगावर येणार नाहीं अशा बाजूस उभें राहावें. बोलाविल्यावांचून हलूं नये. मूल जागेवरून हललें कीं वडिलांचें लक्ष त्याच्याकडे जातें, आणि त्याच क्षणीं आंत कोणी अडकलेला त्यांची वाट पाहत असतो.

पालकांनीं ही आज्ञा घरींच समजावून द्यावी. आगीपुढें समजावण्यास वेळ नसतो. सांगितलेल्या जागीं स्थिर राहणारें मूलही त्या रात्रीं कोणाचा तरी प्राण वांचविण्यास साह्य करितें.