दवंडी आणि खिडकी

पूर्वीं खेड्यांत दवंडी पिटली कीं लहानथोर हातचें काम टाकून ओट्यावर येत. साथ, पाणी, सरकारी हुकूम अशा महत्त्वाच्याच गोष्टीसाठीं ती पिटली जाई. क्षुल्लक कारणासाठीं रोज पिटली असती, तर तिला कोणी कान दिला असता काय? संकेतस्थळ पाहतांना एकाएकीं पुढें येणारी पॉप-अप खिडकी ही आजच्या काळची दवंडीच होय.

१९९० च्या दशकांत ट्रायपॉड या अमेरिकन संकेतस्थळासाठीं काम करीत असतां ईथन झुकरमन यांनीं जाहिरातीकरितां निराळी खिडकी उघडण्याची युक्ति काढली. जाहिरात नको त्या मजकुराशेजारीं दिसूं नये, एवढाच हेतु होता. परंतु लोक इतके त्रासले कीं, २००४ सालीं इंटरनेट एक्सप्लोररमध्येंही अशा खिडक्या अडविण्याची सोय झाली. २०१४ सालीं झुकरमन यांनीं या युक्तीबद्दल जाहीर क्षमा मागितली.

तर मग खिडकी सर्वथा त्याज्य मानावी काय? तसें नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें. अशा दिवसांत कोणत्या भागांत पाणी केव्हां येणार, हें नगराच्या संकेतस्थळानें खिडकींत सांगणें उचित. वाढदिवसाच्या शुभेच्छा सांगणें अनुचित.

आतां दुसरें उदाहरण घ्या. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. कंधार किंवा औसा तालुक्यांतील एखादी मुलगी वडिलांच्या लहानशा मोबाइलवर महाविद्यालयाचें शुल्क पाहूं जाते. तोंच समारंभाचें भलें मोठें चित्र पुढें येतें, आणि तें बंद करण्याची फुली पडद्याबाहेर राहते. मुदत तर संध्याकाळीं संपणार! येथें एका चित्रापायीं मुलीचें वर्ष पणास लागतें. त्याऐवजीं मुदतीची वेळ आणि अर्जाची वाट सांगणाऱ्या दोन ओळी तिच्या उपयोगी पडल्या असत्या.

यावरून पुढील नियम ध्यानीं धरावे :

१. वाचकाचें काम थांबविण्याइतकें कारण असेल तरच खिडकी उघडावी.

२. तो येतांच ती उघडूं नये. कांहीं वाचल्यावर, अथवा भरलेला अर्ज पुसला जाण्यापूर्वीं उघडावी.

३. एका खिडकींत एकच गोष्ट सांगावी. बटणावर नुसतें 'ठीक' न लिहितां 'अर्ज रद्द करा', 'अर्ज तसाच ठेवा' असें स्पष्ट लिहावें.

४. फुली ठळक असावी, व एस्केप कळीनेंही खिडकी मिटावी. वाचनयंत्राच्या साहाय्यानें वाचणाऱ्या अंध बंधूस खिडकी उघडल्याचें कळावें, आणि ती मिटतांच तो पूर्वस्थळीं परतावा.

५. एकदां नकार मिळाल्यावर पुनःपुन्हा विचारूं नये.

६. असत्य लिहूं नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार निषिद्ध ठरविले. खोटी घाई लावणें आणि नकार देणाऱ्यास लाजविणें हे त्यांतलेच होत.

तुमच्यापैकीं कित्येकजण पुढें शाळेचीं, दुकानांचीं, मंडळ्यांचीं संकेतस्थळें घडवितील. दारावर ठोठावून उत्तराची वाट पाहणाऱ्या पाहुण्यास आपण आनंदानें आंत घेतों. दार ढकलून शिरणाऱ्यास नव्हे. तुमची खिडकी पहिल्या पाहुण्यासारखी असो.