चौकटीमागचं मेलबर्न

मेलबर्नच्या एका दुकानातून प्रस्तुत लेखकाने कॉलिन्स स्ट्रीटचं जुनं चित्र विकत घेतलं. दगडी इमारती, घोडागाड्या, वर फिकट निळं आभाळ. ‘1870 च्या दशकातल्या वर्तमानपत्रातलं अस्सल पान,’ असं विक्रेत्याने सांगितलं. चौकट उघडून दाखवा म्हणायचा संकोच वाटला. घरी येऊन मागचा पुठ्ठा काढला, तर कागद पांढराशुभ्र आणि पाठ कोरी. भिंगाखाली आभाळ रंगीत ठिपक्यांचं निघालं. ते अलीकडचं पुनर्मुद्रण होतं.

ही फसगत टाळता आली असती. त्यासाठी अशी चित्रं मुळात कुठे आणि कशी छापली जात, हे माहीत हवं.

1851 मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीत सोनं सापडलं आणि दहा वर्षांत तिथली लोकसंख्या सुमारे 77 हजारांवरून 5 लाख 40 हजारांच्या आसपास गेली. वसाहतीतल्या बॅलरट-बेंडिगोच्या खाणींतल्या सोन्यावर मेलबर्न उभं राहिलं. त्याची चित्रं ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये येत, पुढे मेलबर्नच्याच ‘इलस्ट्रेटेड ऑस्ट्रेलियन न्यूज’ आणि ‘ऑस्ट्रेलेशियन स्केचर’मध्येही.

तेव्हा मजकुराबरोबर छायाचित्र छापण्याची सोय नव्हती. कारागीर बॉक्सवुडच्या ठोकळ्यावर चित्र कोरत. या झाडाचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे जोडावे लागत. जोड किंचित हलला की छापलेल्या चित्रातून केसाएवढी पांढरी रेघ आडवी-उभी जाते. अस्सल पानावरची ही रेघ म्हणजे दोष नव्हे, खूण आहे.

म्हणून दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात असावं. कोरीव चित्रात सलग काळ्या रेघा दिसतात, सावलीही रेघांचीच. एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती नंतरची छपाई. पाठीवर बहुधा त्याच अंकातला मजकूर असतो. काही पुरवण्यांची पाठ मात्र कोरी असे, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नये. मूळ चित्रं बहुतेक काळ्या शाईतच छापली जात. रंग असला तर तो पुष्कळदा नंतर हाताने भरलेला असतो. तो केव्हा भरला, हे विचारावं.

विक्रेत्याने सांगितलेलं वर्तमानपत्र आणि तारीख ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या मोफत संग्रहात शोधून पाहावी. तिथलं पान आणि हातातलं पान रेघेला रेघ जुळवून बघावं. हाच तपशील पावतीवरही लिहून घ्यावा.

आणि पैसे देण्याआधी चौकट उघडायला सांगावी. दुकानदार तयार नसेल, तर चित्र तिथेच ठेवून यावं.